पाचवी गोळी का आली, याबद्दल मिस्त्रीचा पुरवणी जबाब

मी, वय सत्तेचाळीस वर्षे, धंदा बंदूक दुरुस्ती, नोकरी नेमबाजी क्लबात, राहणार क्लबच्या मागच्या गल्लीत, पिठाच्या गिरणीवरची खोली. क्लबात मला सगळे मिस्त्री म्हणतात. समक्ष हजर राहून सांगतो की, गेल्या मंगळवारी दुपारी क्लबच्या पन्नास मीटरच्या रेंजवर गोळी लागून माझे भाऊजी जखमी झाले. त्याबाबत त्याच संध्याकाळी मी या ठाण्यात एक जबाब दिला होता. त्यात मी असं सांगितलं होतं की, गोळी सुटली तेव्हा मी हत्यारांच्या कपाटाकडे तोंड करून उभा होतो, मला काही दिसलं नाही. ते खोटं आहे. मला सगळं दिसत होतं.

हा जबाब द्यायला मी आपण होऊन आलो आहे. मला कुणी बोलावलेलं नाही, कुणी दमदाटी केलेली नाही. दमदाटी केली असती तर मंगळवारीच खरं बोललो असतो, असं मी हवालदारांना म्हणालो. ते म्हणाले, हेही लिहायचं का. मी म्हटलं, लिहा.

भाऊजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. क्लबात ते टार्गेट लावण्याचं काम करतात. कागद बदलणं, फळ्या ठोकणं, लाल झेंडा चढवणं-उतरवणं, सगळं त्यांच्याकडे. गोळी सुटली ती त्यांच्याच मुलीच्या हातून. ती माझी भाची, वय एकोणीस. पुढच्या महिन्यात तिची निवड चाचणी आहे. रायफल क्लबची आहे, बोल्टची, पाच गोळ्यांच्या मॅगझीनची. म्हणजे रायफलीला खालून पत्र्याची एक छोटी डबी लागते, तिच्यात पाच गोळ्या एकावर एक बसतात, आणि बोल्ट मागे घेऊन पुढे ढकलला की वरची गोळी नळीत जाते. या रायफलीची देखभाल माझ्याकडे आहे. तिला दुसऱ्या कुणाचा पाना लागलेला मला खपत नाही.

भाचीने आपल्या जबाबात सांगितलं आहे की, टेबलावरून झाडताना पाचवी गोळी कधीच येत नसे, म्हणून रायफल रिकामी समजून तिने घोडा दाबला. ठाण्याच्या साहेबांच्या माणसांनी बुधवारी रायफल तपासली. तेच टेबल, तीच वाळूची पिशवी. पाचच्या पाच गोळ्या नीट आल्या. तेव्हापासून पोरगी खोटं बोलते असं धरून चालले आहेत. त्यात क्लबच्या चहावाल्याने सांगितलं की, मंगळवारी सकाळी बापलेकीचं वाजलं आणि ती म्हणाली, "बाबा, तुम्ही माझ्या मध्ये येऊ नका." वाजलं हे खरं आहे. भाऊजींनी तिच्यासाठी एका गोदामात कारकुनाची जागा बघितली होती आणि तिला चाचणीपर्यंत थांबायचं होतं. अशी भांडणं त्यांच्यात आठवड्याला होतात आणि संध्याकाळी दोघं एकाच सायकलवरून घरी जातात. चहावाल्याला भांडण ऐकू येतं, सायकल दिसत नाही.

माझी भाची खरं बोलते आहे. पाचवी गोळी येत नव्हती. मंगळवारी ती आली, कारण ती यावी अशी व्यवस्था मी केली होती आणि कुणाला सांगितलं नव्हतं. आता ते सविस्तर सांगतो.

साधारण दीड महिन्यापासून या रायफलीची तक्रार होती. उभं राहून झाडली की ती सुतासारखी सरळ चालायची. टेबलाशी बसून, नळीखाली वाळूच्या पिशवीचा टेकू देऊन झाडली की चार गोळ्या यायच्या आणि पाचवी डबीतच राहायची. बोल्ट तिच्या डोक्यावरून सरकून रिकामाच बंद व्हायचा. हाताला त्यातला फरक फारसा कळत नाही. घोडा दाबला आणि नुसतं टक् वाजलं की समजायचं, पाचवी राहिली.

भाचीने रायफल माझ्याकडे आणली. मी मॅगझीन खोलून धुतलं, आतली स्प्रिंग बदलली, गोळ्या अडवून धरणारे वरचे पत्र्याचे ओठ पकडीने कणभर आत घेतले. दुकानात व्हाइसच्या लोखंडी जबड्यात धरून चालवून बघितलं, पाचही आल्या. रेंजवर नेलं, पाचवी राहिली. मग दुसरं कोरं मॅगझीन लावलं. तेही टेबलावर चौथ्या गोळीनंतर तसंच. दोन वेगळी मॅगझीनं एकाच जागी अडतात म्हणजे खोट मॅगझीनमध्ये नाही, आणि उभ्याने चालतं ते बसून चालत नाही म्हणजे खोट बसण्याच्या जागेत शोधायची, हे कुणाही शहाण्याला कळेल. मला वेगळंच कळलं. मला कळलं की खोट पोरीच्या हातात आहे.

मी तिला सगळ्यांसमोर बोलायचो. बोल्ट अर्धाच खेचतेस. घरी जेवायला घालत नाहीत का. नाचता येईना अंगण वाकडं. ती म्हणायची, "मामा, मी पूर्ण खेचते हो. तुम्ही एकदा बसून बघा ना." मी म्हणायचो, "मी कशाला बसू? चाचणी माझी आहे का तुझी?" माझ्या बोलण्यामुळे ती बोल्ट इतक्या जोराने खेचायला लागली की तिच्या तर्जनीची साल निघाली. ती पट्टी बांधून यायची. मी पट्टीवरूनही बोललो.

हवालदार म्हणतात, घटनेचं बोला. घटना इथूनच सुरू होते असं माझं म्हणणं आहे.

पाचवी येतच नाही म्हटल्यावर रेंजवर एक रीत पडून गेली. चौथी गोळी झाडली की तिची रिकामी पुंगळी बाहेर पडायला बोल्ट मागे घ्यावाच लागतो. तो भाची मागे घ्यायची, पुढे ढकलून बंद करायची आणि डावा हात वर करायची. तो हात बघून भाऊजी बाजूच्या भिंतीआडून नवा कागद घेऊन निघायचे. मग भाची घोडा दाबून बोल्टमधली स्प्रिंग सैल करायची, आणि शेवटी मॅगझीन काढून राहिलेली पाचवी हातावर घ्यायची. स्प्रिंग ताणलेली ठेवून रायफल खाली ठेवायची नाही, हे तिला मीच शिकवलं होतं. भाऊजी तर म्हणायचे, "ही पाचवी आपल्या पाचवीलाच पुजलीय." सगळे हसायचे, मीसुद्धा.

नियम असा नाही. नियम असा की, बोल्ट उघडा ठेवायचा, नळी डोळ्यांनी बघायची, मग झेंडा उतरवायचा आणि त्यानंतरच माणसाने पुढे जायचं. तो नियम रेंजच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहिलेला आहे. तो मीच रंगवला आहे. रीत मोडते आहे हे मला रोज दिसत होतं, पण पाचवी येतच नाही तर बोलायचं कशाला, असं मी धरून चाललो.

सोमवारी क्लबाला सुट्टी असते. त्या दिवशी मी किल्ली घेऊन एकटा रेंजवर गेलो आणि टेबलाशी स्वतः बसलो. पोरीचा हात चुकतो हे एकदा पक्कं करून टाकावं, एवढाच हेतू होता. चार आल्या, पाचवी राहिली. पुन्हा भरलं, पुन्हा तेच. मी बोल्ट पूर्ण खेचत होतो. मग मी कागदाची एक पट्टी घेऊन मॅगझीन आणि वाळूची पिशवी यांच्यामधून सरकवून बघितली. पट्टी गेली नाही. पिशवी ठासून भरलेली होती आणि मॅगझीनला पुढून रेटत होती. रेटल्यामुळे मॅगझीन आपल्या खाचेत केसभर तिरकं व्हायचं. डबी भरलेली असते तोवर स्प्रिंग दाबलेली असते, ती गोळ्यांना नेटाने वर ढकलते, त्यामुळे पहिल्या चार निभावून जायच्या. शेवटच्या गोळीला स्प्रिंगचा जोर कमी पडतो. ती खाली राहायची आणि बोल्ट वरून निघून जायचा. उभ्याने झाडताना मॅगझीनला काही टेकत नाही, म्हणून तेव्हा पाचही यायच्या. एवढीच गोष्ट होती. अंगणच वाकडं होतं.

मी पिशवीची शिवण उसवली, डबाभर वाळू काढली, पिशवी परत शिवली आणि मॅगझीनपासून चार बोटं पुढे सरकवून ठेवली. पट्टी आरपार गेली. पाचही गोळ्या आल्या, दोनदा आल्या. काढलेली वाळू क्लबच्या मागच्या दाराजवळ फुटक्या कुंडीत टाकली आहे. पंचांना दाखवायला तयार आहे.

घरी जाताना ताईचं घर वाटेत लागतं. मी आत गेलो, पाणी प्यालो. भाची बोटाला मलम लावत बसली होती. "पोरी, चूक तुझी नव्हती," एवढंच म्हणायचं होतं. मी म्हणालो नाही. माझ्या मनात असं होतं की, उद्या पाचवी येऊ दे, मग म्हणू, बघ, पूर्ण खेचलास की येते की नाही. म्हणजे खोटही गेली असती आणि दीड महिना बोललेलं गिळावंही लागलं नसतं. पडलो तरी नाक वर, असा माझा स्वभाव आहे. मी मूग गिळून बसलो आणि निघालो.

मंगळवारी दुपारी रेंजवर आम्ही तिघंच होतो. भाऊजी पुढे भिंतीआड, भाची टेबलाशी, मी तिच्या खुर्चीच्या मागे. बसल्या बसल्या तिने पिशवीवर हात दाबून बघितला आणि विचारलं, "मामा, पिशवी बसली का हो? आज बसकी लागते." मी म्हणालो, "तू वाढली असशील. नेम धर." हे मी उत्तर म्हणून दिलं होतं, हे लिहावं. तिने सरळ विचारलं होतं.

तिने चार गोळ्या झाडल्या. चारही टार्गेटच्या काळ्या वर्तुळाच्या मधोमध होत्या. बोल्ट मागे घेतला, पुंगळी उडाली, बोल्ट पुढे ढकलला. मी नेमकं तिथेच बघत होतो, कारण मला तेवढंच बघायचं होतं. पाचवी गोळी वर आली आणि नळीत गेली. तिचं पितळ मला दिसलं. भाची टार्गेटकडे बघत होती, तिला दिसलं नाही. मला आनंद झाला. हवालदार विचारतात, आनंद हा शब्द ठेवायचा का. ठेवा.

भाचीने डावा हात वर केला. भाऊजी नवा कागद घेऊन भिंतीआडून बाहेर आले. त्या वेळी रायफल भरलेली आहे हे त्या जागेवर एकाच माणसाला माहीत होतं. मी तोंड उघडलं. "थांब" म्हणायला उघडलं असतं तर आज मी इथे बसलो नसतो. मी उघडलं ते टोमणा मारायला. मी म्हणालो, "काय गं, आज..." आणि गोळी सुटली.

मधे किती वेळ होता असं साहेबांनी विचारलं. माणूस भिंतीपासून टार्गेटपर्यंत चालत येतो तेवढा वेळ होता. "थांब" दहा वेळा म्हणून झालं असतं.

भाऊजी खाली बसले. पडले नाहीत, बसले, कागद हातात तसाच. म्हणाले, "अरे, लागलं वाटतं." भाचीने बोल्ट उघडला. रिकामी पुंगळी टेबलावर पडली. तिने ती बघितली आणि माझ्याकडे वळून विचारलं, "मामा, ही आली कशी?" मी म्हणालो, "पळ, गाडी बघ." ती पळाली. माझा रुमाल भाऊजींच्या खांद्यावर मी दाबून धरला. त्यानंतरचं मंगळवारच्या जबाबात लिहिलं आहे ते खरं आहे.

गोळी उजव्या खांद्याच्या सांध्यात होती, ती काढली. डॉक्टर म्हणाले, जिवाचं भय नाही, पण हात खांद्याच्या वर जाणार नाही. टार्गेटच्या फळ्या खांद्याच्या वरच ठोकाव्या लागतात. भाऊजींनी पलंगावरून जबाब दिला की, मीच झेंडा न उतरवता पुढे गेलो, पोरीचा दोष नाही. भाचीने जबाब दिला की, मी नळी तपासली नाही, दोष माझाच. साहेब मला म्हणाले होते, या घरात दोष घ्यायला रांग लागली आहे. त्या रांगेत मी नव्हतो.

मंगळवारपासून मी दवाखान्याच्या व्हरांड्यात ताईच्या शेजारी बसून आहे. ती मला दोन वेळा जबरदस्तीने जेवायला लावते. म्हणते, तू होतास म्हणून ते वेळेवर पोचले. आल्यागेल्यालाही तेच सांगते. मी मान खाली घालून ऐकतो आणि ताटातलं संपवतो. अन्न गोड लागत नाही, पण संपवतो, नाहीतर ती विचारील की काय झालं.

काल संध्याकाळी भाची चौकशीहून परत आली. मी दाराशी होतो, तिला दिसलो नाही. ती ताईला म्हणाली, "आई, ते म्हणतात रायफल चांगली आहे, पाचही येतात. मग मला कसं आठवतं की येत नव्हती? मंगळवारी सकाळी मी बाबांना तसं बोलले होते. माझ्याच मनात काही असेल का गं?" ताई म्हणाली, वेडी का तू. पोरगी म्हणाली, "मग मामा का काही बोलत नाहीत? त्यांना तर माहीत आहे ना, येत नव्हती."

मी रात्रभर झोपलो नाही आणि आज उजाडताच ठाण्यात आलो. लोक तिच्यावर संशय घेत होते तोवर मी दम धरला, वाटलं निवळेल. पण ती स्वतःवरच संशय घ्यायला लागली, ते माझ्याने बघवलं नाही. हे मी चांगुलपणा म्हणून सांगत नाही. चांगुलपणा असता तर तो सोमवारी ताईच्या घरी पाणी पिताना दिसला असता.

आज दोन पंचांसमक्ष मी रेंजवर प्रात्यक्षिक दाखवलं. जप्त केलेली रायफल आणि पिशवी टेबलावर ठेवली. पिशवी वाळूने पुन्हा पहिल्यासारखी ठासून भरली आणि मॅगझीनला टेकवली. माझ्या पेटीतल्या बिनदारूच्या पाच नकली गोळ्या भरल्या. चार आल्या, पाचवी राहिली. मग साहेब स्वतः बसले. त्यांच्या हातूनही पाचवी राहिली, आणि साहेब बोल्ट पूर्ण खेचतात. पिशवी उपसून पुढे सरकवल्यावर पाचही आल्या. साहेबांनी कागदाची पट्टी मागितली आणि स्वतः सरकवून बघितली.

माझ्या भाचीने मंगळवारी जे केलं ते दीड महिना रोज केलं होतं, माझ्या डोळ्यांदेखत, आणि मी मना केलं नव्हतं. रायफल दुरुस्त झाली हे तिला सांगायचं काम माझं होतं. मी सांगितलं असतं तर तिने घोड्याला बोट लावलं असतं का, असं साहेबांनी विचारलं. नाही. माझं उत्तर नाही असं आहे. हा जबाब माझ्याविरुद्ध वापरला जाऊ शकतो हे साहेबांनी मला दोनदा समजावून सांगितलं. मला पहिल्या वेळीच समजलं होतं.

भाचीला आजही चौकशीसाठी बोलावलं आहे आणि ताई तिच्याबरोबर आली आहे. हे लिहून होईपर्यंत दोघी बाहेरच्या खोलीत बसल्या होत्या. मी विनंती केली की, हा जबाब मला वाचून दाखवायचाच आहे तर तो त्यांना आत बोलावून वाचावा, कारण माझ्या तोंडाने मला तो त्यांना सांगता येणार नाही. साहेबांनी परवानगी दिली. हवालदारांनी सुरुवातीपासून सावकाश वाचला. मी भिंतीकडे बघत होतो. मी जसं सांगितलं तसंच लिहिलं गेलं आहे, कमी-जास्त काही नाही, म्हणून सही करत आहे.

सही करण्याआधी एक भर घातली आहे. वाचून झाल्यावर भाची आपल्या बोटाची पट्टी सोडत बसली. ताईने मला विचारलं, "मी तुला वाढत होते, तेव्हा तुला हे माहीत होतं?" मी हो म्हणालो. तिचा प्रश्न आणि माझं उत्तर माझ्या सांगण्यावरून इथे लिहून घेतलं आहे. तेही मला वाचून दाखवलं. बरोबर आहे.